व्हिप नाही, तरी शिस्त कडक : अमेरिकेतील पक्ष आणि प्रतिनिधींचा सदसद्विवेक

१ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले. खर्चाच्या तरतुदीला सिनेटची मंजुरी मिळत नव्हती. सामान्य कुटुंबांना आरोग्यविम्याचे हप्ते भरण्यासाठी मिळणारे वाढीव साहाय्य वर्षअखेरीनंतरही चालू ठेवावे, असा डेमोक्रॅटिक पक्षाचा आग्रह होता. आधी सरकार सुरू होऊ द्या, चर्चा नंतर करू, अशी रिपब्लिकन पक्षाची भूमिका होती. दोन्ही पक्ष हटून बसले आणि लाखो सरकारी कर्मचारी वेतनाविना राहिले. अखेर ९ नोव्हेंबर रोजी डेमोक्रॅटिक गटातील आठ सिनेटरांनी आपल्या नेत्यांची साथ सोडून रिपब्लिकनांबरोबर मतदान केले. ६० विरुद्ध ४० मतांनी कोंडी फुटली आणि ४३ दिवसांनंतर, १२ नोव्हेंबर रोजी, सरकारचा गाडा पुन्हा चालू झाला. अमेरिकेच्या इतिहासात एवढा दीर्घ काळ सरकार कधीही बंद राहिले नव्हते.

या आठ जणांवर त्यांच्या पक्षातून टीकेचा भडिमार झाला. ‘विश्वासघात’ हा शब्द उघडपणे उच्चारला गेला. तरीही त्यांच्यापैकी कोणाचेही सदस्यत्व धोक्यात आले नाही, कोणाला अपात्रतेची नोटीस आली नाही, कोणाचीही पक्षातून हकालपट्टी झाली नाही. आपल्याकडील राजकारण पाहणाऱ्या वाचकाला याचे आश्चर्य वाटेल. परंतु या यादीकडे बारकाईने पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. या आठांपैकी एकालाही २०२६ साली मतदारांसमोर उभे राहायचे नव्हते. दोघांनी निवृत्ती जाहीर केलेली होती आणि उरलेल्या सहा जणांची मुदत २०२८ किंवा त्यानंतर संपणार होती. ज्यांना लगेच निवडणूक लढवायची नव्हती, तेच पक्षाची रेषा ओलांडू शकले. अमेरिकेतील पक्षशिस्त कशी चालते, हे समजण्याची किल्ली याच एका बाबीत दडलेली आहे.

पक्षादेशाचे दोन प्रकार

भारतात १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट संविधानात आले. पक्षाने काढलेला व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडून मतदान करणाऱ्या आमदार-खासदाराचे पद त्यामुळे जाऊ शकते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली सवलतही काढून टाकली. २०२२ पासून महाराष्ट्रात जे घडले, ते पाहता या कायद्यातील पळवाटा आपल्या परिचयाच्या आहेत. तथापि, तत्त्व स्पष्ट आहे : सभागृहात मत देताना प्रतिनिधी पक्षाला कायद्याने बांधलेला असतो.

अमेरिकेत असा कायदा नाही. व्हिप हे पद तेथेही आहे, दोन्ही पक्षांत आहे. परंतु व्हिपचे काम मुख्यतः मोजदाद करण्याचे, समजूत घालण्याचे आणि देवाणघेवाणीचे. न ऐकणाऱ्या सदस्याला नेतृत्व फार तर महत्त्वाच्या समितीवरून दूर करू शकते. २०१२ च्या डिसेंबर महिन्यात प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती जॉन बेनर यांच्या कारकीर्दीत चार रिपब्लिकन सदस्यांना असेच समित्यांवरून हटविण्यात आले. पण सदस्यत्व काढून घेण्याचा अधिकार पक्षाला नाही.

त्याहून मोठा फरक उमेदवारीचा आहे. आपल्याकडे ‘तिकीट’ पक्षश्रेष्ठी देतात. दिल्लीतून किंवा मुंबईतून यादी जाहीर होते आणि ज्याचे नाव वगळले जाते त्याची वाट खुंटते. अमेरिकेत ही यादी नसते. कोणत्या पक्षाचा उमेदवार कोण, हे प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे ‘प्रायमरी’त, सामान्य मतदार ठरवितात. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी ही पद्धत रुजविली. बंद दाराआड पक्षाचे दलाल उमेदवार ठरवितात, तो अधिकार जनतेकडे यावा, हा त्यांचा हेतू होता. हेतू उदात्त होता. त्याचा परिणाम शंभर वर्षांनंतर काय झाला, हा या लेखाचा विषय आहे.

सैल पक्षांचा काळ

विसाव्या शतकाचा बराचसा काळ अमेरिकेतील दोन्ही पक्ष वैचारिकदृष्ट्या एकजिनसी नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षात उत्तरेकडील शहरांतले कामगार, आयरिश आणि इटालियन वंशाचे कॅथोलिक स्थलांतरित, सुधारणावादी विचारवंत होते. आणि त्याच पक्षात दक्षिणेकडील वर्णभेदाचे कडवे समर्थकही होते. रिपब्लिकन पक्षात उद्योगपतींचे कैवारी होते, तसेच नागरी हक्कांचा पाठपुरावा करणारे पूर्व किनाऱ्यावरील उदारमतवादीही होते. एका छपराखाली दोन घरे नांदत होती.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३८ साली हे छप्पर दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. आपल्या धोरणांना विरोध करणाऱ्या स्वपक्षीय सदस्यांना प्राथमिक निवडणुकीत पाडण्यासाठी ते स्वतः प्रचारात उतरले. जॉर्जियाचे वॉल्टर जॉर्ज, मेरिलँडचे मिलर्ड टायडिंग्ज, साऊथ कॅरोलिनाचे एलिसन स्मिथ, हे तिघेही सिनेटर रूझवेल्टांच्या विरोधाला न जुमानता निवडून आले. न्यूयॉर्कमधील प्रतिनिधी जॉन ओकॉनर यांचा तेवढा पराभव झाला. लोकप्रिय राष्ट्राध्यक्षालाही आपला पक्ष शिस्तीत आणता आला नाही. मतदारांना वॉशिंग्टनहून आलेला हस्तक्षेप रुचला नाही. आपला सिनेटर आपल्या राज्याचा, ही भावना प्रबळ ठरली.

ही सैलता अभ्यासकांना खुपत होती. १९५० साली अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनच्या एका समितीने अहवाल प्रसिद्ध करून तक्रार केली, की दोन्ही पक्षांना निश्चित कार्यक्रम नाही, शिस्त नाही, त्यामुळे मतदाराला खऱ्या अर्थाने निवड करताच येत नाही. पक्षांनी स्पष्ट भूमिका घ्याव्यात आणि सदस्यांनी त्या पाळाव्यात, असा त्या अहवालाचा सूर होता.

या सैलतेचा एक लाभ निःसंशय झाला. १९६४ चा नागरी हक्क कायदा दोन्ही पक्षांतील सदस्यांनी मिळून मंजूर केला. सिनेटमध्ये तो ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. बाजूने ४६ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते. विरोधात २१ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपले सदस्य सोबत आणले नसते, तर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा स्वतःचा पक्ष हा कायदा करू शकला नसता.

परंतु येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पक्षाची रेषा मोडणारा प्रत्येक जण सदसद्विवेकाचा पुजारी असतो, असे नाही. त्या २१ डेमोक्रॅटांनीही आपल्या पक्षाचे न ऐकताच मतदान केले होते. साऊथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थरमंड यांनी १९५७ साली नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध सलग चोवीस तासांहून अधिक भाषण केले, तेव्हा तेही पक्षाच्या शिस्तीला जुमानत नव्हते. कित्येक दशके कृष्णवर्णीयांना न्याय नाकारला गेला, त्यात पक्षांच्या या ढिलाईचा मोठा वाटा होता. तेव्हा स्वातंत्र्य तेवढे चांगले आणि शिस्त तेवढी वाईट, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. प्रतिनिधी स्वातंत्र्याचा उपयोग कशासाठी करतो, हा प्रश्न उरतोच.

घरे वेगळी झाली

१९६४ नंतर चित्र पालटू लागले. त्याच वर्षी थरमंड रिपब्लिकन पक्षात गेले. दक्षिणेतील गोरे पुराणमतवादी मतदार हळूहळू त्याच दिशेने सरकले. तिकडे ईशान्येकडील उदारमतवादी रिपब्लिकन विरळ होत गेले. २००१ साली व्हर्मांटचे सिनेटर जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडले आणि त्यांच्या एका निर्णयाने सिनेटमधील बहुमतच बदलले. २००९ साली पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर यांनी रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅटिक पक्षात प्रवेश केला; पण पुढच्याच वर्षी नव्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते पराभूत झाले. जुन्या घरात जागा उरली नाही आणि नव्या घराने आपले म्हटले नाही.

या पुनर्रचनेचे फलित २०१० साली दिसून आले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे आरोग्यविमा विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले, तेव्हा एकाही रिपब्लिकन सदस्याने बाजूने मत दिले नाही. डेमोक्रॅटिक पक्षातील ३४ सदस्यांनी मात्र विरोधात मतदान केले. १९५० च्या अहवालाने मागितलेली स्पष्टता एका पक्षात पुरती आली होती आणि दुसऱ्यात येऊ घातली होती.

थोडे मतदार, मोठा निर्णय

पक्ष वैचारिकदृष्ट्या वेगळे झाले, तसे बहुतेक मतदारसंघही एकाच पक्षाचे बालेकिल्ले बनले. अशा मतदारसंघात नोव्हेंबरमधील मुख्य निवडणूक ही औपचारिकता ठरते. खरी लढत प्राथमिक निवडणुकीत होते आणि तेथे मतदानाला येणारे थोडे असतात, आग्रही असतात.

२०१८ साली न्यूयॉर्क शहरात प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक नेतृत्वातले एक ज्येष्ठ सदस्य जोसेफ क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ या नवख्या, समाजवादी विचारांच्या तरुणीने पराभूत केले. मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या घरातली. दोघांना मिळून पडलेली मते तीस हजारांहून कमी. त्याच्या चार वर्षे आधी, २०१४ च्या जून महिन्यात, व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधिगृहातील बहुमत नेते एरिक कँटर हे डेव्हिड ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून असेच पराभूत झाले होते. एक उजवीकडून हरला, दुसरा डावीकडून. पण धडा दोन्ही पक्षांतील प्रत्येक सदस्याने घेतला. नेत्याची मर्जी राखून भागत नाही, घरच्या कट्टर मतदाराची मर्जी राखावी लागते.

मराठी वाचकांना याचे एक जवळचे उदाहरण ठाऊक असेल. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे महाराष्ट्रात परिचित झालेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत स्वतःचा पैसा ओतून उतरले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२२ साली डेट्रॉइट परिसरातील डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यात अनेक उमेदवारांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मते मिळवून ते प्राथमिक निवडणूक जिंकले. जानेवारी २०२३ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सदस्य झाले. पक्षाच्या कोणत्याही श्रेष्ठींना त्यांना अडविता आले नसते, आणि त्यांना तिकीटही देता आले नसते. आपल्याकडे हे शक्य नाही.

परंतु याच ठाणेदारांच्या अनुभवातून दुसरी बाजूही दिसते. २०२५ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमे मांडली. आपल्या पक्षाच्या नेत्यांना ही वेळ योग्य वाटत नव्हती. प्रस्तावावर सही करणाऱ्या काही सहकाऱ्यांनी आपली नावे मागे घेतली. मे महिन्यात ठाणेदारांनी प्रस्तावावर मतदान घ्यायला लावण्याची तयारी केली, तेव्हा स्वपक्षातून एवढा विरोध झाला, की त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. व्हिपची नोटीस निघाली नाही, पद जाण्याची भीती नव्हती. तरीही सामूहिक दबावाने काम केले.

नेते दुबळे, शिस्त मात्र कठोर

रिपब्लिकन पक्षाच्या अलीकडच्या इतिहासात एक विरोधाभास ठळकपणे दिसतो. पक्षाचे सभागृहातील नेते एकामागून एक कोसळत गेले, आणि तरीही पक्षात वेगळे मत ठेवणे अधिकाधिक अवघड होत गेले.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन काँग्रेससमोर भाषण केले. त्यांना निमंत्रण देणारे सभापती जॉन बेनर हे कॅथोलिक. त्या दिवशी त्यांना अश्रू आवरत नव्हते, हे साऱ्या जगाने पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सभापतिपदाचा राजीनामा जाहीर केला. ‘फ्रीडम कॉकस’ या स्वपक्षातीलच कडव्या गटाने त्यांचे काम अशक्य करून सोडले होते. तडजोड करणे हा त्या गटाच्या दृष्टीने गुन्हा होता. पुढे २०२३ साली केव्हिन मॅकार्थी यांना सभापती होण्यासाठी मतदानाच्या पंधरा फेऱ्या पार कराव्या लागल्या. त्याच वर्षी सरकार बंद पडू नये म्हणून त्यांनी डेमोक्रॅटांच्या मतांवर तात्पुरती तरतूद संमत करून घेतली आणि ३ ऑक्टोबर रोजी स्वपक्षातील आठ सदस्यांनी त्यांना पदच्युत करविले. मतविभागणी होती २१६ विरुद्ध २१०. मतदानाने सभापतीला पदावरून दूर केल्याची अमेरिकेच्या इतिहासातील ही पहिलीच घटना.

दुसरीकडे लिझ चेनी यांचे उदाहरण पाहा. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर जमावाचा हल्ला झाला. त्यानंतर ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधिगृहातील दहा रिपब्लिकनांनी मतदान केले. चेनी त्यांपैकी एक होत्या. फेब्रुवारी महिन्यात त्यांना पक्षातील तिसऱ्या क्रमांकाच्या पदावरून काढण्याचा प्रस्ताव आला. गुप्त मतदान झाले आणि चेनी १४५ विरुद्ध ६१ मतांनी टिकल्या. चेनी गप्प बसल्या नाहीत. निवडणूक चोरली गेली हा दावा खोटा आहे, असे त्या सांगत राहिल्या. मे महिन्यात पुन्हा प्रस्ताव आला. या वेळी आवाजी मतदान झाले आणि त्यांचे पद गेले. बंद पेटीत त्यांची पाठराखण करणारे सहकारी उघड सभेत त्यांना वाचवू शकले नाहीत, किंवा वाचवू इच्छित नव्हते. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात वायोमिंगच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना २९ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. दोनच वर्षांपूर्वी त्याच राज्यात त्या मोठ्या बहुमताने निवडून आल्या होत्या.

त्या दहा जणांची पुढची कहाणी बोलकी आहे. चौघांनी पुन्हा निवडणूक लढविलीच नाही. चौघे प्राथमिक निवडणुकीत हरले. दोघे तेवढे पुन्हा निवडून आले. रूझवेल्टांना १९३८ साली जे साधले नाही, ते ट्रम्प यांना २०२२ साली साधले. यामागे केवळ व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव नाही. स्थानिक वृत्तपत्रे क्षीण झाली, मतदार राष्ट्रीय वाहिन्यांवरून व समाजमाध्यमांवरून राजकारण पाहू लागला आणि ‘आपला सिनेटर आपल्या राज्याचा’ ही भावना ओसरली.

२०२५ सालीही हेच दिसले. ट्रम्प यांच्या कर व खर्चविषयक महाविधेयकाला नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर थॉम टिलिस यांनी विरोध केला. गरिबांच्या वैद्यकीय साहाय्यातील, म्हणजे ‘मेडिकेड’मधील, कपात आपल्या राज्याला झेपणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध प्राथमिक निवडणुकीत उमेदवार उभा करण्याची धमकी दिली. दुसऱ्याच दिवशी, २९ जून रोजी, टिलिस यांनी आपण पुन्हा निवडणूक लढविणार नाही, असे जाहीर केले. विधेयक सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी, उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या निर्णायक मताने संमत झाले.

अर्थात कोणतीही शिस्त अभेद्य नसते. जेफ्री एपस्टीन प्रकरणाची सरकारी कागदपत्रे खुली करण्यासाठी चार रिपब्लिकन सदस्यांनी सर्व डेमोक्रॅटांसह सह्या करून मतदान घडवून आणले. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ४२७ विरुद्ध १ अशा मतांनी ठराव मंजूर झाला. पण त्या चौघांपैकी मार्जरी टेलर ग्रीन यांनी तीनच दिवसांनी राजीनामा देत असल्याचे जाहीर केले. ट्रम्प यांनी त्यांचा पाठिंबा काढून घेतलेला होता. बंड यशस्वी झाले, बंडखोर टिकला नाही.

डेमोक्रॅटिक पक्षातील आकसलेली जागा

हे केवळ एका पक्षाचे दुखणे आहे, असे समजणे चूक ठरेल. डेमोक्रॅटिक पक्षात गर्भपाताच्या प्रश्नावर वेगळे मत असणाऱ्यांची काय गत झाली, हे कॅथोलिक वाचकांच्या विशेष परिचयाचे आहे.

१९९२ साली पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी यांना पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात भाषण करू दिले गेले नाही. ते कॅथोलिक होते, कामगारांचे कैवारी होते आणि गर्भपाताचे विरोधक होते. त्यांनी पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला नव्हता म्हणून संधी दिली नाही, असा आयोजकांचा खुलासा होता. आपल्या मतांमुळेच आवाज दाबला, असे केसी यांचे म्हणणे होते. तरीही त्या काळी पक्षात अशा मतांचे लोक पुष्कळ होते. २००९ च्या नोव्हेंबर महिन्यात मिशिगनचे बार्ट स्टुपाक यांनी आरोग्यविमा विधेयकाला दुरुस्ती सुचविली, की सरकारी पैसा गर्भपातासाठी वापरला जाऊ नये. तिला ६४ डेमोक्रॅट सदस्यांनी मत दिले. २०२१ च्या सप्टेंबर महिन्यात गर्भपाताचा हक्क देशभर कायद्याने स्थापित करणारे विधेयक प्रतिनिधिगृहात आले, तेव्हा विरोधात मत देणारा डेमोक्रॅट एकच उरला होता : टेक्ससचे हेन्री क्वेयार. दोन्ही मतदानांतील प्रश्न तंतोतंत एक नव्हता, हे खरे. तरीही ६४ आणि १ या आकड्यांतील अंतर पुरेसे बोलके आहे.

शिकागोचे डॅन लिपिन्स्की हे असेच कॅथोलिक डेमोक्रॅट. २०१८ साली ते प्राथमिक निवडणुकीत थोडक्यात बचावले, २०२० साली त्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरले. क्वेयार यांनी २०२२ ची प्राथमिक निवडणूक फेरमोजणीनंतर अवघ्या २८९ मतांनी जिंकली. त्यांना नॅन्सी पलोसी यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांचा पाठिंबा होता, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे नेतृत्व त्यांना ठेवू पाहत होते. पक्षातील आग्रही मतदार त्यांना घालवू पाहत होते. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन आणि ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा हे दोघे सिनेटर जो बायडेन यांच्या काळात पक्षाच्या प्रवाहाविरुद्ध गेले. दोघेही पुढे पक्ष सोडून अपक्ष झाले आणि २०२४ साली दोघांपैकी कोणीही निवडणूक लढविली नाही.

कॅथोलिक प्रतिनिधी कोणत्या बाजूला?

२०२५ साली अस्तित्वात आलेल्या अमेरिकन काँग्रेसमध्ये सुमारे दीडशे कॅथोलिक सदस्य होते. संख्येने ते कमी नाहीत. परंतु मतदानाच्या वेळी ते एकत्र दिसत नाहीत. ते आपापल्या पक्षाबरोबर दिसतात. अमेरिकन बिशपांनी २००७ साली सदसद्विवेकाच्या जडणघडणीविषयी आणि नागरी कर्तव्याविषयी मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला. गर्भातील जीवाचे रक्षण, गरिबांचा कैवार, स्थलांतरितांची प्रतिष्ठा हे सारे त्यात एकत्र मांडलेले आहे. अमेरिकेतील कोणताही एक पक्ष हे सारे एकत्र मांडत नाही.

२०२५ च्या महाविधेयकाच्या वेळी याचे प्रत्यंतर आले. बिशप परिषदेने त्यातील जीवनरक्षणविषयक आणि पालकांच्या शाळानिवडीविषयक तरतुदींचे स्वागत केले. त्याच पत्रात वैद्यकीय व अन्नसाहाय्यातील कपातीला आणि स्थलांतरितांविषयीच्या कठोर तरतुदींना विरोधही नोंदविला. एकाच विधेयकाला ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन्ही उत्तरे बिशपांना देता आली. सभागृहातील सदस्याला मात्र एकच बटण दाबायचे असते, आणि बहुतेक कॅथोलिक सदस्यांनी आपल्या पक्षाचेच बटण दाबले. यात सर्वांचाच दोष आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांचे मत पक्षाच्या मताशी मनापासून जुळत असेल. परंतु ज्याचे जुळत नाही, त्याला आज किंमत मोजल्याविना ते बोलता येत नाही, हे वरील उदाहरणांतून दिसते.

वाट आहे का?

काही राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलून वाट शोधली आहे. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक निवडणुकीत उभे राहतात आणि पहिले दोन पुढे जातात. महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी २०२२ साली जे दोघे निवडून आले, ते डॅन न्यूहाउस आणि डेव्हिड व्हॅलाडेओ, याच दोन राज्यांचे. अलास्कात २०२० साली मतदारांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथे पहिले चार उमेदवार पुढे जातात आणि अंतिम फेरीत मतदार पसंतीक्रम देतात. सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध मत दिले होते, तरीही २०२२ साली त्या याच पद्धतीने निवडून आल्या. २०२४ साली ही पद्धत रद्द करण्याचा प्रयत्न अत्यल्प मतांनी फसला.

तरीही नियम म्हणजे जादूची कांडी नव्हे. वॉशिंग्टन राज्यातील त्याच पद्धतीत जेमी हरेरा बटलर यांचा पराभव झाला. त्याही त्या दहांपैकीच एक होत्या. उलट इंडियाना राज्यात अशी कोणतीही सुधारणा झालेली नसताना, ११ डिसेंबर २०२५ रोजी तेथील सिनेटमधील २१ रिपब्लिकनांनी मतदारसंघांच्या सीमा पक्षाच्या सोयीने पुन्हा आखण्याची राष्ट्राध्यक्षांची मागणी डेमोक्रॅटांसह फेटाळली. मते पडली ३१ विरुद्ध १९. नियम वाट सोपी करतात. त्या वाटेने चालण्याचे धैर्य माणसाला स्वतःच आणावे लागते.

पक्षांतरबंदी कायद्याने आपल्याकडील आमदार-खासदार व्हिपच्या दावणीला बांधले गेले, ही तक्रार आपण वारंवार ऐकतो आणि ती खोटी नाही. कायदा सैल केला की सदसद्विवेक मोकळा होईल, असेही सुचविले जाते. अमेरिकेचा अनुभव या आशेला आवर घालतो. तेथे दावण नाही, तरीही प्रतिनिधी बांधलेलाच आहे. त्याला बांधणारा दोर पक्षश्रेष्ठींच्या हातून सुटून मूठभर आग्रही मतदारांच्या हाती गेला आहे, एवढेच. आणि ते मूठभर ठरले, कारण उरलेले घरी बसले.

ला फॉलेट यांनी दरवाजे जनतेसाठी उघडले होते. त्या दरवाजातून आत कोण जाते, यावर पुढचे सारे अवलंबून राहिले. आपला प्रतिनिधी निर्भीड असावा, असे आपण म्हणतो. तो निर्भीडपणे बोलतो, तेव्हा आपण त्याच्या पाठीशी उभे राहतो का? तो आपल्या आवडीचे एक मत देतो आणि नावडते दुसरे मत देतो, तेव्हा दोन्हींचा विचार करून आपण त्याला तोलतो, की एका मतासाठी त्याला कायमचा वगळतो? लिझ चेनी यांना गुप्त मतदानात वाचविणारे १४५ सहकारी होते. तेवढेच धैर्य त्यांना उघड सभेत दाखविता आले असते, जर घरी परतल्यावर आपले मतदार समजून घेतील, असा भरवसा त्यांना असता. तो भरवसा कोणताही कायदा देऊ शकत नाही. तो नागरिकांनीच द्यावा लागतो, तेथेही आणि येथेही.